गुडघे टेकवून बघा, मग पैसे द्या

नी पॅड ही उभ्या-उभ्या घ्यायची वस्तू नाही. काउंटरवर ठेवून अंगठ्याने दाबला तर कुठलाही पॅड गुबगुबीत लागतो. म्हणून पॅड बांधायचे, दुकानाच्या फरशीवर दोन्ही गुडघे टेकायचे, एक हात पुढे रोवायचा आणि भिंतीकडेची शेवटची टाईल बसवताना वाकतो तसं वाकून थांबायचं. चांगली पाच-दहा मिनिटं. भवानी पेठेत एका हार्डवेअरच्या दुकानात मी असा ओणवा होतो, तर मागचं गिऱ्हाईक म्हणालं, "काय हरवलं का हो मिस्त्री?" हसू द्या लोकांना. पहिल्या मिनिटाला मऊ लागलेल्या पॅडमधून पाचव्या मिनिटाला खालची फरशी हाडाला लागायला लागते, आणि हे उभ्याने कधीच कळत नाही.

आमच्या वस्तादांनी जन्मभर गोणपाटाची घडी वापरली. त्यांच्या गुडघ्यांवर काळे घट्टे होते आणि आम्हा पोरांना ते म्हणायचे, एकदा घट्टा पडला की गुडघा बोलत नाही. त्यांच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, हे खरं नाही. घट्टा पडतो कातडीला. कातडीच्या खाली, वाटीच्या वर, एक पातळ पिशवी असते. कातडी हाडावरून अलगद सरकावी म्हणून निसर्गाने ती ठेवली आहे. रोज तिच्यावर अंगाचा भार टाकून घासत राहिलं की ती चिडते आणि पाण्याने भरते.

माझी भरली ती लग्नसराईच्या तोंडावर, एका कार्यालयाचा मोठा हॉल करताना. उजव्या गुडघ्यावर लिंबाएवढा गोळा आला. बोटाने दाबला की आतलं पाणी इकडून तिकडे जायचं. दुखायचं मात्र बेताचंच, आणि या दुखण्याची फसवी बाजू नेमकी हीच. डॉक्टरबाईंनी पँट वर सरकवायच्या आधीच विचारलं, "फरशीचं काम करता का तुम्ही?" सुईने पाणी काढलं, पट्टी बांधली. पण पोट त्याच फरशीवर आणि फरशी त्याच गुडघ्यावर, तेव्हा पाणी परत भरलं. "नुसतं पाणी काढून भागणार नाही," बाई म्हणाल्या, "गुडघ्याखाली काय घेता ते बघा आधी." तिथून मी पॅड नीट बघायला लागलो.

आधी काय घेऊ नये ते सांगतो. मेडिकलमध्ये लवचीक कापडाची जी नी कॅप मिळते ती सांध्याला आवळून आधार देते. तिच्यात गादी नसते. साइटवर कितीतरी पोरं तीच चढवून टाईल बसवताना दिसतात. मोटारसायकलवाल्यांचे आणि स्केटिंगचे गार्ड पडल्यावर मार बसू नये म्हणून असतात. त्यांची पुढची वाटी गोल असते. तिच्यावर गुडघा टेकला की तो डुलत राहतो, तोल सांभाळायला दिवसभर कंबर काम करते आणि संध्याकाळी माणूस म्हणतो, आज पाठ का धरली बरं?

कामाच्या पॅडचा पुढचा भाग रुंद आणि सपाटसर हवा. उंचीही बघायची. वाकून पुढे हात टाकला की भार वाटीवर येतो. मागे टाचांवर बसलं की तो वाटीच्या खाली नडगीच्या उंचवट्यावर जातो. आपण दिवसभर या दोन्हींमध्ये पुढे-मागे होत असतो. तेव्हा पॅडची गादी वाटीच्या वरून सुरू होऊन त्या उंचवट्याच्या खालपर्यंत पोचली पाहिजे. आखूड पॅडची खालची कड नेमकी त्या हाडात रुतते.

वरचं कवच कडक की मऊ, यावर साइटवर वाद घालणारे पुष्कळ. माझं मत सरळ आहे. खडी, सळईचे तुकडे, तोडफोडीचा राडा असलेल्या कोब्यावर कडक कवच घ्या. बसवलेल्या चकचकीत व्हिट्रिफाइडवर किंवा पॉलिश केलेल्या मार्बलवर मऊ रबरी. कडक कवचाखाली वाळूचा एक कण अडकला तरी मालकाच्या हॉलमध्ये ओरखडा उठतो, आणि ओल्या टाईलवर ते घसरतं ते वेगळंच. परवडत असेल तर दोन जोड ठेवा. नाहीतर आपलं जास्त काम कुठल्या जमिनीवर होतं ते बघून एक. आत नुसता स्पंज नको, तो महिन्याभरात चपटा होतो. घट्ट ईव्हीए फोम टिकतो. जेलवाले गुडघ्याला गोड लागतात, पण जड असतात आणि मे महिन्यात तापतात.

आयात मालाच्या पाकिटावर कधी कधी ईएन १४४०४ असं छापलेलं सापडेल. कामाच्या नी पॅडसाठीचं ते युरोपीय मानक. त्यात ०, १ आणि २ अशा पातळ्या आहेत. ० म्हणजे फक्त सपाट जमीन, टोकदार वस्तूपासून बचाव नाही. १ ची चाचणी १०० न्यूटन जोराने टोक दाबून होते, २ ची २५० न्यूटनने. घरातल्या फरशीकामाला १ भरपूर झालं.

पॅड लोक टाकून देतात ते बहुतेक पट्ट्यांपायी. अरुंद इलॅस्टिक गुडघ्यामागच्या खळगीत करकचतं. आवळलं तर पाय बधिर, सैल सोडलं तर पॅड पोटरीवर उतरतो. पट्टा रुंद हवा, आणि बांधायचा तो बसून, गुडघा वाकवून, कारण वाकल्यावर मांडी-पोटरीचा घेर वाढतो. खालचा पट्टा पॅड धरून ठेवण्यापुरता, वरचा त्याहून सैल. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचं एक टोक हाताला लागतं. त्याला वळसा घालून पायाकडे जाणारी नस कातडीच्या अगदी जवळ असते. तिथे बकल किंवा गाठ येऊ देऊ नका. पावलाला मुंग्या आल्या, पंजा उचलायला जड गेला, तर पट्टा तिथल्या तिथे सोडा.

पट्टा सोसतच नसेल त्याने शिंप्याकडे जावं. जाड पँटला गुडघ्यावर बाहेरून खिसा शिवून घ्यायचा आणि त्यात फोमचा तुकडा सरकवायचा. फक्त माप उभ्याने देऊ नका. खाली गुडघे टेका आणि शिंप्याला तिथे खडूने खूण करायला सांगा. उभ्याच्या मापाचा खिसा काम करताना भलतीकडे जातो. खिशाला झाकण हवं, नाहीतर सिमेंट आत जाऊन बसतं.

सिमेंट हा वेगळाच वैरी. ओला माल अंगाला लागायला गार, पण तो तीव्र अल्कली असतो. भिजलेला पॅड तो माल तासन्‌तास कातडीला चिकटवून ठेवतो आणि संध्याकाळी गुडघा भाजल्यासारखा सोललेला निघतो. पॅड आतून ओला झाला की काढा, गुडघा भरपूर साध्या पाण्याने धुवा, कोरडा घाला. उघड्या गुडघ्यावर पॅड बांधू नका, मध्ये सुती कापड असू द्या; कोकणात पावसाळ्यात काम केलेल्यांना घामोळ्याचं सांगायला नको. वेल्क्रोत बसलेली सिमेंटची भुकटी जुन्या टूथब्रशने काढली की पकड परत येते.

एवढं करूनही पॅड करतो ते अर्धंच काम. कातडी आणि ती पिशवी तो वाचवतो. गुडघा पार दुमडून बसल्याने सांध्याच्या आत जो ताण येतो, त्याला तो काही करू शकत नाही, मग किंमत कितीही असो. ब्रिटनमध्ये गालिचे आणि फरश्या बसवणाऱ्यांच्या गुडघ्याची झीज धंद्यातला आजार म्हणून मोजली जाते. त्यामुळे कटिंग खाली बसून करू नका, कटर घोडीवर ठेवा आणि उभ्याने कापा. ओळ संपली की उठा, पाय सरळ करा. मुकादम कुरकुरला तर कुरकुरू दे. दिवसाचे फूट त्याने कमी होत नाहीत, मी मोजून बघितलंय.

आणि गोळा आलाच तर त्याचं तोंड बघत बसू नका. सुई किंवा ब्लेड घरी लावायचं नाही, मालिश करायचं नाही. त्या गुडघ्यावर भार बंद करून डॉक्टरला दाखवायचं. गोळा लाल झाला, हाताला गरम लागला, अंगात ताप भरला, म्हणजे आत पू धरला असण्याची भीती असते. मग हॉल अर्धा राहू दे, त्याच दिवशी दवाखाना गाठा.