शेतांतील खळगे व खिंडी : दोन चलांच्या बहुपदींचा एक पाठ

काळ्या जमिनींत आषाढाचा जोराचा पाऊस झाला म्हणजे शेतांत ठिकठिकाणीं पाणी तुंबतें. तें दोनतीन दिवस उभें राहिलें कीं मुळांस हवा मिळत नाहीं, कपाशी पिवळी पडते, व केळीचा कंद कुजूं लागतो. यावर उपाय चर खणण्याचा. परंतु चर किती व कोठें खणावे हें पुष्कळदां नजरेच्या अंदाजानेंच ठरतें, व मजुरी फुकट जाते. हा प्रश्न वास्तविक मोजणीचा आहे. गणितांत यास दोन चलांच्या बहुपदीचीं स्थानिक नीचतम स्थानें मोजणें असें म्हणतात. नांव अवघड असलें तरी वस्तु परिचयाची आहे. ती क्रमानें पाहूं.

शेताच्या मध्यभागीं एक खुंटी ठोकावी. खुंटीपासून पूर्वेकडील अंतर क्ष व उत्तरेकडील अंतर य मानावें. पश्चिमेकडील व दक्षिणेकडील अंतरें ऋण धरावीं. त्या त्या ठिकाणची जमिनीची उंची ती उ. क्ष व य यांचे घात व गुणाकार घेऊन त्यांच्या बेरीज-वजाबाकीनें जी राशि होते, ती दोन चलांची बहुपदी. उदाहरणार्थ, उ = क्ष² + य² ही बहुपदी कढईच्या आकाराची जमीन दाखविते; तिचा एकच खळगा, खुंटीच्या जागीं.

खळगा म्हणजे आपल्या लगतच्या भोंवतालाहून सखल असें ठिकाण. तें साऱ्या मुलखांत सर्वांत सखल असलें पाहिजे असें नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर तापीच्या पात्राहून पुष्कळ उंचावर आहे. तरी त्याच्या सर्व बाजूंनीं कडा असल्यामुळें तो खळगाच होय. ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ एवढाच.

खळगा गणितानें कसा शोधावा? याची किल्ली आपल्या खानदेशास अपरिचित नाहीं. चाळीसगांवाजवळील पाटणें येथील इ. स. १२०७ चा शिलालेख, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांचे नातू चांगदेव यांनीं स्थापिलेल्या मठाची साक्ष देतो. ग्रहाचें फल परमावधीस पोंचतें तेव्हां त्या फलाची वाढ-घट शून्य होते, हें भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत (इ. स. ११५०) जाणलें होतें. जमिनीसही तोच न्याय लागू आहे : खळग्याच्या तळाशीं पूर्व-पश्चिम उतारही शून्य व दक्षिणोत्तर उतारही शून्य.

परंतु उतार शून्य होण्याचीं ठिकाणें तीन प्रकारचीं असतात. खळगा हा एक, उंचवट्याचा माथा हा दुसरा, व खिंड हा तिसरा. भुसावळहून खंडव्यास जाणारा लोहमार्ग असीरगडाजवळून सातपुड्याच्या ज्या सखल भागांतून जातो, ती खिंड. तापीच्या खोऱ्यांतून नर्मदेच्या खोऱ्याकडे जाणारास ती वाटेंतील उंच जागा. पण डोंगराच्या धारेवरून चालणारास तीच सखल जागा. एका दिशेनें उंच व दुसऱ्या दिशेनें सखल, हें खिंडीचें लक्षण.

आतां मोजणीचा नियम. शेताच्या चारी बाजूंस उंच बांध आहे व पाणी बाहेर जात नाहीं असें समजा. पाणी हळूहळू चढूं द्या. प्रत्येक खळग्यांत एक नवें डबकें तयार होतें. पाणी खिंडीपर्यंत आलें म्हणजे दोहोंपैकीं एक गोष्ट घडते : दोन निरनिराळीं डबकीं एकत्र होतात, किंवा एकच डबकें वळसा घालून स्वतःसच मिळतें व मध्यें बेट उरतें. बेटाचा माथा बुडाला कीं बेट नाहींसें होतें. शेवटीं सारें शेत मिळून एकच तळें होतें. म्हणून डबकीं जोडणाऱ्या खिंडी खळग्यांहून एकानें कमी, व बेटें करणाऱ्या खिंडी माथ्यांइतक्या. अर्थात् खळगे अधिक माथे वजा खिंडी बरोबर १. भूपृष्ठावरील अशा स्थानांचा विचार केले यांनीं १८५९ सालीं व मॅक्सवेल यांनीं १८७० सालीं केला.

उदाहरण घेऊं. उ = (क्ष² − १)² + (य² − १)². येथें खळगे ४, चारी कोपऱ्यांस, क्ष व य प्रत्येकीं १ किंवा −१ असतां. त्यांची उंची ०. माथा १, खुंटीपाशीं, उंची २. लगतच्या दोन दोन खळग्यांमध्यें एक, अशा खिंडी ४, उंची १. ४ + १ − ४ = १; ताळा जुळला. बहुपदीचा घात ४ आहे. अशीं स्थानें सुटीं सुटीं व साधीं असतील तर त्यांची एकूण संख्या घातांतून एक वजा करून केलेल्या वर्गाहून अधिक होत नाहीं; येथें ती मर्यादा ३ × ३ = ९, व आपलीं स्थानेंही नेमकीं ९.

यांतून शेतकऱ्यानें घ्यावयाचें तें असें. खिंडी चार दिसल्या म्हणून चारही फोडण्याचें कारण नाहीं. तीन फोडल्या कीं चारही खळगे एक होतात. चौथी केवळ उंचवट्यास वळसा पुरा करते. मग बाहेर काढणारा एक चर खणला कीं काम झालें. जितके खळगे तितके चर, त्याहून अधिक नको.

परंतु या नियमांत ‘चारी बाजूंस उंच बांध’ ही अट आहे, व ती विसरल्यास काय होतें हें पुढील बहुपदी दाखविते : उ = (क्ष²य − क्ष − १)² + (क्ष² − १)². हिचे खळगे दोन : एक क्ष = १, य = २ येथें व दुसरा क्ष = −१, य = ० येथें; दोहोंची उंची ०. उतार शून्य असणारें तिसरें ठिकाण मात्र कोठेंच नाहीं. माथा नाहीं, खिंडही नाहीं! एकाच तासानें सरळ चालतांना दोन खळग्यांमध्यें चढ लागून माथा आलाच पाहिजे. पण दोन दिशा मोकळ्या असतां तसें बंधन राहत नाहीं.

मग खिंड गेली कोठें? क्ष = ० या सबंध रेषेवर उंची २ आहे, म्हणून दोन खळग्यांमध्यें धार आहेच. त्या धारेचा माथा य = १० असतां सुमारें २.०४६, व य = १०० असतां सुमारें २.००५ भरतो. उत्तरेकडे जावें तसतशी धार २ च्या जवळ उतरत जाते, पण तिची सर्वांत सखल जागा कधींच येत नाहीं. खिंड जणूं अनंतांत निघून गेली. १९९३ सालीं ड्युर्फी व त्यांचे सहकारी यांनीं एका अमेरिकन गणित-मासिकांत अशा स्थानांच्या मोजणीचा सविस्तर विचार केला.

आपलें शेत अनंत नाहीं. पण तें बांधाशीं संपतें, जमीन मात्र संपत नाहीं. दोन खळगे सांपडले आणि मधली खिंड सांपडली नाहीं, तर ती बांधावर किंवा बांधापलीकडे आहे असें समजावें. अशा वेळीं मधल्या धारेवर खोल चर खणणें म्हणजे पैसा मातींत घालणें होय. पांझरेच्या कांठीं फड पद्धतीनें भिजणाऱ्या शेतांत पाटाचें पाणी मालकी पाहून नव्हे, उतार पाहून चालतें. निचऱ्याचें पाणीही तसेंच चालतें.

म्हणून उन्हाळ्यांत, नांगरटीपूर्वीं, शेतांत दहा दहा पावलांवर खुंट्या मांडून पाणसळीनें उंच्या घ्याव्या व कागदावर मांडाव्या. जी खुंटी शेजारच्या आठही खुंट्यांहून सखल, तेथें खळगा धरावा. खळगे, माथे व खिंडी मोजून ताळा पाहावा. ताळा न जुळल्यास खुंट्या जवळ जवळ मांडून पुनः पाहावें. तरीही न जुळल्यास मोजणी बांधापलीकडे न्यावी, व कुदळ उचलण्यापूर्वीं शेजाऱ्याशीं बोलावें.