फ्यूज सारखा उडतोय? मोठा फ्यूज घालू नका, आधी वायर शोधा



आज जाळ्याबद्दल किंवा बीजाबद्दल नाही, गाडीबद्दल लिहितोय. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडं पिकअप नाहीतर जुनी मोटार आहे. मासळी बाजारात न्यायची ती त्याच गाडीतून. म्हणून हे सगळ्यांनी वाचावं, आणि गाडी चालवणारा घरात दुसरा कोणी असेल तर त्याला वाचून दाखवावं.

काय झालं होतं

गणपती झाले, बाजारात गिऱ्हाईक परत आलं, तेव्हाची गोष्ट. आपली गाडी पहाटे हिडकलहून मासळी भरून बेळगावला येत होती. पाऊस भुरभुरत होता. वंटमुरी घाटात मागून एक ट्रक अगदी अंगावर आला आणि शेवटच्या क्षणाला ब्रेक मारून बाजूला झाला. ट्रकवाला खाली उतरून ओरडला, "मागं एक दिवा नाही, गाडी दिसणार कशी?"

आमचे ड्रायव्हर मामा म्हणाले, "पार्किंगचा फ्यूज सारखा उडूलाय. महिन्यात चार वेळा बदलला. हेडलाईट लागते, ब्रेकलाईट लागते, म्हणून तसाच आलो."

गाडी कांग्राळीला आणून फ्यूजचा डबा उघडला. १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी २० चा पिवळा होता, तोही उडालेला. त्याच्या पायांना सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला. वायर बोटाला कडक लागत होती, वरचं प्लास्टिक भाजून आखडलेलं. आणि ही वायर पुढं चासीला धरून जाते, तिथंच डिझेलचा पाईपही जातो. ट्रकमधनं वाचलो ते एक, आणि गाडी पेटली नाही ते दुसरं.

मामांना आम्ही दोष देत नाही. फ्यूज मोठा घालायचा, कागद गुंडाळायचा, हे आपल्याकडं सगळेच करतात, आम्हीही पूर्वी केलंय. पण ते का करू नये हे समजून घ्या.

फ्यूज कुणाला वाचवतो?

पुष्कळांना वाटतं फ्यूज बल्बला वाचवतो. तसं नाही. फ्यूज वायरला वाचवतो. प्रत्येक वायर किती करंट सोसेल ते तिच्या जाडीवर ठरतं. त्याच्या आतला फ्यूज कंपनी घालते, म्हणजे करंट वाढला तर वायर तापायच्या आधी फ्यूजची पट्टी वितळते. तुम्ही मोठा फ्यूज घातलात की पट्टी वितळत नाही, वायरच वितळते. चंदेरी कागद घातला तर फ्यूज घातलाच नाही असं समजा. बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देऊ शकते.

रंग पाठ करा: ५ फिकट तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा, ३० हिरवा. कुठल्या जागी कितीचा ते डब्याच्या झाकणावर छापलेलं असतं. झाकण हरवलं असेल तर गाडीच्या पुस्तकात बघा. जागेवर आत्ता जो घातलाय त्यावर विश्वास ठेवू नका, आधीच्या मालकानं काय घातलंय कोण जाणे.

एक सोपा हिशेब

वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर मिळतात. पार्किंगला पुढं दोन, मागं दोन आणि नंबरप्लेटचा एक असे ५ वॅटचे पाच बल्ब. झाले २५ वॅट. मीटरचे छोटे दिवे धरून ३० म्हणू. ३० भागिले १२ म्हणजे अडीच अँपिअर. फ्यूज आहे १० चा. म्हणजे बल्बांमुळं तो उडणं शक्यच नाही. कुठंतरी प्लसची वायर थेट लोखंडाला टेकते आहे. एवढं कागदावरच कळलं, गाडीला हात लावायच्या आधी.

तुमच्या गाडीत हिशेब फ्यूजच्या आकड्याजवळ गेला, तर मात्र वेगळा विचार करा. मागून कुणी फोकस, मोठा हॉर्न, टेप जोडलाय का बघा. तसं काही असेल तर त्याला स्वतंत्र वायर, स्वतंत्र फ्यूज आणि रिले पाहिजे.

फ्यूज कधी उडतो आणि कसा दिसतो

फेकायच्या आधी उडालेला फ्यूज उजेडात धरा.

- पट्टी उडून आत काळा डाग पडलाय: जोराचा शॉर्ट.
- पट्टी मधेच सरळ तुटलीय, आत स्वच्छ: बहुतेक जास्तीचा लोड, हळूहळू तापून गेलेला.
- पट्टी शाबूत, पण प्लास्टिक वितळलंय: फ्यूजची खोबण सैल आहे, तिथंच तापतंय.

वेळही लक्षात ठेवा. बटण बंद असताना घातल्या घातल्या उडाला तर दोष बटणाच्या अलीकडं. बटण लावल्यावर उडाला तर पलीकडं. पाच-दहा मिनिटांनी उडाला तर वायपरची किंवा पंख्याची मोटर जड झालीय का बघा. खड्ड्यात किंवा माल भरल्यावरच उडत असेल तर घासलेली किंवा दबलेली वायर. मामांना हे आम्ही पहिल्या दिवशी विचारलं नाही, तीच आमची चूक. त्यापायी आठ दिवस गेले.

बल्ब लावून शोधायची पद्धत

प्रत्येक वेळी नवा फ्यूज घालून "आता बघू" म्हणण्यात फ्यूजही जातात आणि वायरही भाजते. त्यापेक्षा ब्रेकलाईटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा एक बल्ब होल्डरसकट घ्या. दोन वायरी आणि त्यांना फ्यूजच्या खोबणीत बसतील असे दोन चपटे पाय लावा. २४ व्होल्टच्या गाडीला बल्ब २४ चाच घ्या.

१. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले.

२. उडालेला फ्यूज काढून त्या जागी हा बल्ब जोडा.

३. त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब होल्डरमधनं काढा. हे विसरू नका. ते आत असले तर आपला बल्ब मंद लागतो आणि माणूस फसतो.

४. आता बटण लावा. आपला बल्ब विझलेला राहिला तर त्या घडीला शॉर्ट नाही. लखख लागला तर शॉर्ट आहे. बल्बमधनं पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ शकत नाही, त्यामुळं वायर सुरक्षित राहते आणि तुम्हाला निवांत शोधता येतं.

५. बल्ब लागलेला असताना एकेक जोड सोडवत जा. मधल्या जोडापासून सुरू करा. सोडल्यावर बल्ब विझला तर दोष त्याच्या पुढं, नाही विझला तर मागं. राहिलेल्या भागाचा परत मधला जोड सोडा. असं निम्मं-निम्मं करत गेलं की तीन-चार वेळात जागा सापडते.

६. शेवटच्या तुकड्यात एकानं वायर हलवायची, दुसऱ्यानं बल्बवर नजर ठेवायची. जिथं हलवल्यावर बल्ब मिचकावेल, तिथं थांबा.

मल्टिमीटर असेल तर बॅटरीची मायनस काढून, फ्यूज आणि बल्ब काढून, बटण लावून, खोबणीच्या गाडीकडच्या पायापासून चासीपर्यंत रोध मोजा. शून्याजवळ आला तर शॉर्ट. थंड बल्बचा रोधही फार कमी असतो, म्हणून बल्ब इथंही काढायचेच.

एक इशारा. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कॉम्प्युटर यांच्या फ्यूजवर हा बल्ब लावू नका. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतल्या केशरी केबलला तर हातही लावू नका. ती कामं त्यातल्या माणसाचीच.

आमच्या गाडीत काय सापडलं

आधी आम्ही मागच्या दिव्यांचे होल्डर बदलले. क्रेटमधनं बर्फाचं आणि मासळीचं पाणी तिथंच ठिबकतं, आत हिरवट थर चढला होता. वाटलं, मिळालं. दोन खेपा झाल्या, फ्यूज परत गेला. मग गाडी एका गॅरेजला दिली. त्यांनी तपासून "सगळं ठीक आहे" म्हणून परत दिली. तिसऱ्या खेपेला परत अंधार.

मग आम्ही वरच्यासारखा बल्ब लावला. बल्ब विझलेलाच. वायरी हलवल्या, दार आपटलं, काही नाही. तेव्हा मामा सहज बोलले, "रिकाम्या गाडीत कधी उडतच नाही. भरली की उडतो."

तिथं डोक्यात उजेड पडला. गॅरेजला गाडी रिकामी गेली होती, आम्हीही रिकामीच तपासत होतो. सगळ्या क्रेटमध्ये पाणी भरलं आणि हौद्यात चढवले. अर्ध्यावर गेलो आणि बल्ब लखख लागला. सगळी पोरं ओरडली.

केबिनच्या मागचा जोड सोडला, बल्ब विझला. म्हणजे दोष मागं. तो परत जोडून मागच्या दिव्यांचे जोड सोडले, बल्ब लागलेलाच. म्हणजे दोष या दोन्हींच्या मधे. टॉर्च घेऊन बघितलं तर डाव्या बाजूला हौद्याचा ब्रॅकेट आणि चासी यांच्या फटीत वायर सापडलेली. क्लिप तुटल्यानं ती खाली लोंबून तिथं गेली होती. रिकामी असताना फट मोकळी, वजन पडलं की ब्रॅकेट वायरीवर दाबतो. पाऊण इंच वरचं प्लास्टिक गेलेलं, तांबं चमकत होतं.

दुरुस्ती नीट करा

नुसती टेप गुंडाळून सोडू नका. मासळीच्या पाण्यात टेप महिनाभरही टिकत नाही. बॅटरीची मायनस काढली, भाजलेला सगळा तुकडा कापला, तेवढ्याच जाडीची नवी वायर सोल्डर केली, त्यावर गरम करून आवळणारी नळी चढवली. मग सगळं पन्हाळी पाईपात घालून नव्या क्लिपांनी वर, फटीपासून लांब बांधलं. पत्र्याच्या भोकातनं वायर जाते तिथं रबर बसवलं. शेवटी १० चा लाल फ्यूज. गाडी भरून बल्ब परत एकदा तपासला, मगच रस्त्यावर काढली. वायर तपासायला तिच्यात सुई टोचू नका, त्या भोकातनं पाणी शिरतं आणि आतून तांबं हिरवं पडतं.

होडीवाल्यांसाठी

इंजिनच्या होडीतही १२ व्होल्टची बॅटरी, दिवे, पंप असतात आणि पद्धत हीच. फरक एक. गाडीत सगळं लोखंड मायनसला जोडलेलं असतं. लाकडी किंवा फायबरच्या होडीत तसं नसतं, दोन्ही वायरी शेवटपर्यंत जातात. त्यामुळं शॉर्ट शोधताना प्लस आणि मायनस एकमेकांना कुठं टेकल्या ते बघा. तळात पाणी साचतं तिथले जोड आधी तपासा, आणि जोड शक्यतो वर घ्या. मुख्य फ्यूज बॅटरीच्या जवळच पाहिजे. तो लांब असेल तर मधली वायर उघड्यावर पडली. आणि मायनस काढताना पहिली, जोडताना शेवटची. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीनं पेटतो.

शेवटचं

आमच्या गाडीत पार्किंग आणि मीटरचे दिवे एकाच फ्यूजवर आहेत. रात्री मीटर अंधारा दिसला की मागचे दिवेही गेले, हे आता मामांना पाठ आहे. तुमच्या गाडीत कसं आहे ते आज संध्याकाळी बघून ठेवा. पहाटे निघताना गाडीमागं एक फेरी मारा. योग्य आकड्याचे दोन जादा फ्यूज जवळ असू द्या, पण दुसराही उडाला तर तिसरा घालू नका. गाडी बाजूला घ्या, मासळीवर बर्फ टाका आणि फोन करा. एक खेप बुडाली तर पुढच्या आठवड्यात भरून निघते.

टेस्ट बल्ब संस्थेच्या कार्यालयात खिळ्याला अडकवून ठेवलाय. वहीत नाव लिहून घेऊन जा, काम झालं की परत आणून लावा. जमलं नाही तर गाडी घेऊन या, मिळून बघू. येताना क्रेट आणा, भरून तपासायला लागतील.

आपला,
सेक्रेटरी