वादकांचे बाधिर्य : शब्दाच्या अतियोगाचा एक उपेक्षित विषय

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात असात्म्येंद्रियार्थसंयोगाचे विवेचन करताना श्रोत्रेंद्रियाच्या अतियोगाची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत मेघगर्जना आणि उच्च स्वरातील आक्रोश यांच्याबरोबर पटहाचाही उल्लेख आहे. पटह म्हणजे ढोल-नगाऱ्याच्या जातीचे चर्मवाद्य. हा पटह ऐकणारा माणूस घटकाभर ऐकून घरी जातो. वाजविणारा मात्र त्याच्या सर्वांत जवळ, सर्वांत अधिक काळ आणि वर्षानुवर्षे उभा असतो. त्या वादकाच्या श्रोत्राचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आम्ही ज्या हिंगणी परिसरात चिकित्सा करतो, तो वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्याचा, बोर धरण व बोर अभयारण्याच्या वाटेवरचा भाग आहे. येथील शेतकरी-शेतमजूर कुटुंबांतील अनेक तरुण तुळशीचे लग्न आटोपले की बँड पथकांत जातात. ढोल, ताशा, बेंजो, ऑक्टोपॅड. आणि गेल्या काही वर्षांत नागपूरकडील धुमाल, म्हणजे वाहनावर ध्वनिक्षेपकांची भिंत रचून त्यालगत वाद्यवृंद चालविण्याचा प्रकार. पूर्वीच्या बँडमध्ये वादकाला स्वतःच्या वाद्याचाच काय तो आवाज सोसावा लागे. धुमालमध्ये तोच आवाज यंत्राने अनेक पटींनी वाढवून पुन्हा त्याच्याच कानाशी येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी विदर्भात गावोगावी पोहोचली. त्या खंजिरी भजनाने कोणाचा कान गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. परंतु लहानशा सभागृहात त्याच खंजिरीपुढे ध्वनिक्षेपक ठेवून तो पूर्ण क्षमतेने लावला, तर गोष्ट निराळी होते.

अतियोग म्हणजे नेमका किती, हे आता मोजता येते. भारतातील कारखान्यांसाठी आठ तासांकरिता ९० डेसिबल ही मर्यादा आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ साली केलेली शिफारस अधिक कडक असून ती आठ तासांस ८५ डेसिबल इतकी आहे. आवाज दर तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित काळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. ढोल-ताशाच्या पथकामध्ये १०० डेसिबल ही काही असाधारण पातळी नव्हे. चार तासांच्या वरातीत त्या पातळीला वाजविणारा वादक एका दिवसाच्या सुरक्षित मात्रेच्या सोळा पट मात्रा घेतो. आणि लग्नसराईत अशा वराती लागोपाठ असतात. औषधाच्या मात्रेबाबत आपण गुंजेचाही हिशेब ठेवतो. शब्दालाही मात्रा आहे, हे त्याच दृष्टीने पाहावे.

अंतःकर्णातील शंखाकृती भागात प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. अतितीव्र ध्वनीने त्या थकतात, वाकतात आणि अखेरीस मरतात. मनुष्यात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. वरातीच्या रात्री कान बधिर वाटतो, आत शिट्टी वाजते, एक-दोन दिवसांत बहुधा सारे पूर्ववत होते; म्हणून वादक निश्चिंत असतो. कुजावा व लिबरमन यांनी २००९ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखविले, की श्रवणाची पातळी पूर्ववत झाल्यासारखी दिसली तरी केशपेशी व श्रवणनाडी यांच्यामधील काही जोड कायमचे नष्ट झालेले असतात. मनुष्याविषयी याच निष्कर्षाचा अभ्यास अद्याप चालू आहे. तथापि ‘सकाळी बरे वाटले’ एवढ्यावर विसंबू नये, इतके त्यातून निश्चित घ्यावे.

ओळख कशी पटवावी? या वादकांपैकी क्वचितच कोणी ‘ऐकू येत नाही’ अशी तक्रार घेऊन येतो. हानीचा आरंभ चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या उच्च स्वरांपासून होतो. साध्या संभाषणाचा मोठा भाग त्याखाली असल्याने रुग्णाला बोलणे ऐकू येते, पण गर्दीत नीट कळत नाही. स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. घरची माणसे म्हणतात, हा हल्ली लक्षच देत नाही. अशा वेळी आम्ही एक प्रश्न अवश्य विचारतो : पावसाळ्यानंतर रात्री रातकिडे ऐकू येतात का? पुष्कळ रातकिड्यांचा स्वर चार ते पाच हजार हर्ट्झचा, म्हणजे नेमका याच पट्टीतला असतो, आणि बोरच्या जंगलालगतच्या गावात तो न ऐकलेला माणूस विरळा. पस्तिशीतील एका ताशावादकाने यावर उत्तर दिले, “बाहेरचे नाही येत जी, पण कानातले बंदच होत नाही.” बाधिर्य आणि कर्णनाद या दोन्ही व्याधी त्याने एका वाक्यात सांगितल्या. अर्थात हा प्रश्न म्हणजे परीक्षा नव्हे. ५१२ हर्ट्झच्या नादकाट्याने (ट्यूनिंग फोर्कने) रिने व वेबर परीक्षा करावी, कर्णपटल पाहावे, आणि सेवाग्राम वा सावंगी येथे पाठवून श्रवणमापन करून घ्यावे. आलेखात चार हजारांपाशी खाच दिसली की निदानाला बळ येते.

आता चिकित्सेविषयी. सुश्रुताचार्यांनी शब्दवह मार्गात विकृत झालेल्या वायूने कर्णनाद, आणि केवळ वायूने वा कफानुबंधी वायूने तो मार्ग आवृत झाला असता बाधिर्य, अशी संप्राप्ती सांगितली आहे. कर्णरोगांच्या सामान्य चिकित्सेत घृतपान व रसायन यांच्याबरोबर व्यायाम टाळणे, डोक्यावरून स्नान न करणे आणि फार न बोलणे असा उपदेश आहे. इंद्रियाला विश्रांती देण्याचा हा विचार मोठा मार्मिक आहे. सारिवादी वटी, बिल्व तैल, नस्य, शिरोभ्यंग यांचा उपयोग आम्ही करतो. कर्णनादाने झोप उडालेल्या रुग्णाला स्नेहन व निद्रेची व्यवस्था यांनी स्वस्थता येते, असा अनुभव आहे. मात्र नष्ट झालेल्या केशपेशी कोणत्याही तैलाने परत येतात, असे रुग्णास सांगणे आम्हास मान्य नाही. जुनाट बाधिर्य ग्रंथकारांनीही असाध्यच मानले आहे. नित्य कर्णतर्पणाने उच्चैःश्रुती व बाधिर्य होत नाही, हे चरकोक्त फल दिनचर्येतील आहे. सुपारीला जाण्यापूर्वी कानात तेल घातले की ढोलाचा आवाज बाधणार नाही, असा त्याचा अर्थ काही वादकांनी लावलेला आढळतो, तो सोडवावा. कर्णपटलास छिद्र असेल वा कान वाहत असेल तर पूरण करूच नये.

आणखी एक प्रसंग विशेष सावधतेचा. वरातीनंतर वा अन्य कारणाने एका कानाचे ऐकणे अकस्मात, काही तासांत वा दोन-तीन दिवसांत उतरले, तर ती आत्ययिक अवस्था समजावी. अशा रुग्णास औषध देऊन आठवड्याने बोलावू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. कारण स्टिरॉइड चिकित्सेचा लाभ पहिल्या काही दिवसांतच अधिक संभवतो. जून २०२४ मध्ये पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी स्वतःस अकस्मात आलेल्या श्रवणदोषाची वार्ता जाहीर केली. त्यांच्या बाबतीत कारण विषाणुजन्य असल्याचे त्यांनी सांगितले. तरीही त्याच निवेदनात अतितीव्र संगीत व हेडफोन यांविषयी त्यांनी तरुण सहकाऱ्यांना सावध केले.

मुख्य चिकित्सा अर्थातच निदानपरिवर्जन. पण येथे ज्याला निदान सोडा म्हणावे, त्याचे पोट त्याच निदानावर आहे. यास प्रज्ञापराध म्हणून मोकळे होणे आम्हास अन्यायाचे वाटते. आवाज किती असावा हे वादक ठरवीत नाही. वरपक्ष आणि पथकाचा मालक ठरवितात. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली एका तालमीत तूर्यवाद्यांपुढे बसलेल्या व्हायोलावादकाच्या कानास इजा झाली. २०१८ साली तेथील उच्च न्यायालयाने संस्थेस उत्तरदायी धरले आणि पुढील वर्षी अपिलातही तो निर्णय कायम राहिला. आपल्याकडील २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम रहिवाशांच्या शांततेसाठी आहेत, वादकासाठी नाहीत. रात्री दहाच्या बंदीने त्याचे तासभर वाजविणे वाचत असेल, एवढेच.

तेव्हा जे शक्य ते सांगावे. कापसाच्या बोळ्याने विशेष काही रोखले जात नाही. औषधी दुकानातील फोमचे कर्णरोधक स्वस्त असून उपयोगी आहेत. मात्र ते उच्च स्वर अधिक अडवितात, म्हणून ‘ताल कळत नाही’ ही वादकांची तक्रार खोटी नव्हे. संगीतकारांसाठी गाळणी असलेले कर्णरोधक मिळतात. ते सर्व स्वर सारख्या प्रमाणात, सुमारे १५ डेसिबलने उतरवितात. वरचाच हिशेब पाहिला तर १०० चे ८५ होतात आणि पंधरा मिनिटांचे आठ तास. ते महाग असल्याने मालकाने पथकाच्या खर्चातून घ्यावेत, असे आम्ही मालकांनाच बोलावून सांगतो; ढोलाची पाने बदलण्यास ते पैसे काढतातच. वादकाने ध्वनिक्षेपकाच्या तोंडासमोर उभे राहू नये. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. पाळीने वाजवावे आणि विश्रांतीची पाळी वाहनालगत न घेता दूर जाऊन घ्यावी. लागोपाठच्या दोन सुपाऱ्यांमध्ये एक दिवस शांततेत काढता आला तर उत्तम. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी श्रवणघातक इंजेक्शने चालू असता त्या काळात वाजविण्यास जाऊच नये, कारण दोहोंचा आघात एकाच पेशींवर होतो.

तुळशीच्या लग्नापूर्वी, पथके जुळत असतानाच, वादकांचे पहिले श्रवणमापन व्हावे आणि सराई संपल्यावर, पेरणीच्या सुमारास, दुसरे. दोन्ही वेळा कानास निदान एक-दोन दिवस विश्रांती मिळालेली असावी, अन्यथा तात्पुरती बधिरता आलेखात मिसळते. राष्ट्रीय बाधिर्य प्रतिबंध कार्यक्रम २००६-०७ पासून चालू आहे. त्याच्या शिबिरांत शाळकरी मुले व वृद्ध येतात, तेथे ताशावादकही नेता येईल. दोन्ही आलेखांची प्रत रुग्णाजवळ न ठेवता वैद्याने आपल्या दप्तरी ठेवावी. फिरतीच्या धंद्यात कागद टिकत नाहीत.