उष्ण प्रदेशातील सफरचंद : थंडीचे तास आणि पानगळीचे व्यवस्थापन

सफरचंदाच्या सुप्त कळ्या नीट फुटण्यासाठी साधारणपणे ७.२ अंश सेल्सिअसखालील तापमानाचे ठरावीक तास मिळावे लागतात. डेलिशियस गटातील वाणांना असे सुमारे हजार तास लागतात. वाराणसीच्या संकठा घाटावर पौषातल्या पहाटे गंगेवर दाट धुके असते. तरीही पारा या मर्यादेखाली उतरतो तो मुख्यतः थंडीच्या लाटेतील रात्रींत. निफाड परिसरात रात्री तो कधी ५ अंशांपर्यंत येतो, पण दुपारच्या उन्हात रात्रीची बरीचशी कमाई पुसली जाते. बोचरी थंडी आणि थंडीचे तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अशा प्रदेशासाठी अल्प थंडीची वाणे आहेत. इस्राएलचे ‘अ‍ॅना’ आणि बहामा बेटांवरील ‘डॉर्सेट गोल्डन’ ही त्यांतील जुनी. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेले ‘एचआरएमएन-९९’ राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानमार्फत अनेक राज्यांत पोहोचले; महाराष्ट्रातही त्याची लागवड झाली आहे. मात्र ‘थंडी लागतच नाही’ या जाहिरातीवर विसंबून एकरभर लागवड करणे धोक्याचे ठरते. झाड जगणे आणि झाड एकसारखे फुलणे यांत मोठे अंतर आहे.

ते अंतर पानगळीने बऱ्याच अंशी भरून काढता येते. इंडोनेशियात पूर्व जावामधील बाटू येथे, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही, काढणीनंतर पाने हाताने खुडून वर्षातून दोन बहार घेण्याची पद्धत आहे. पाने गेली की कळ्या खोल सुप्तावस्थेत जाण्याआधीच फुटतात. डाळिंबाचा बहार धरणाऱ्या बागायतदारास हे तत्त्व नवे नाही. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर पाणी हळूहळू कमी करून डिसेंबरच्या सुमारास राहिलेली पाने खुडावीत आणि हलक्या छाटणीनंतर पाणी सुरू करावे. पाने आपोआप गळतील म्हणून वाट पाहिल्यास जुनी पाने फेब्रुवारीपर्यंत टिकतात, फुलोरा तुटक येतो आणि एकाच झाडावर फूल, कैरीएवढे फळ व पक्व फळ एकत्र दिसते. ते पाहण्यास गोजिरे वाटते, पण काढणीचा खर्च वाढवते.

छाटणीत द्राक्षाची सवय आड येते. सफरचंदाचे फळ प्रामुख्याने जुन्या फांद्यांवरील आखूड फळकाड्यांवर धरते. सरसकट कडक छाटणी केल्यास पालवी भरपूर येते, फळ मात्र जाते. उभ्या वाढणाऱ्या फांद्या दोरीने बांधून आडव्या कराव्यात. परपरागीकरणासाठी एकाच वेळी फुलणारे दुसरे वाण बागेत असावे. अ‍ॅनासोबत डॉर्सेट गोल्डन लावण्याची पद्धत आहे. प्रत्येक गुच्छात एक-दोनच फळे ठेवावीत.

पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत मुळे कुजतात; तेथे गादीवाफा अनिवार्य आहे. कलमाचा जोड मातीखाली जाऊ देऊ नये. पश्चिमेच्या उन्हाने फळ व खोड भाजते, म्हणून खोडास चुना लावावा व त्या बाजूची पाने राखावीत.

वेळेवर पानगळ झालेल्या बागेची फळे मे-जूनमध्ये, म्हणजे काश्मीरचा नवा माल येण्याआधी, तयार होतात. पण तोच काळ आंब्याचा आहे, आणि ही लवकर येणारी फळे टिकतातही कमी. त्यामुळे पहिल्या तीन-चार वर्षांसाठी १५-२० झाडेच लावून फुलोऱ्याची तारीख, फळांची संख्या आणि स्थानिक विक्रीचा दर यांची नोंद ठेवावी. रोपे घेताना वाण व खुंट दोन्हींची नावे पावतीवर लिहून घ्यावीत.