हाड भरल्यावरचा थ्रीडी एक्स-रे : लोह्यातून निघताना किती पैसे धरावेत?

दाढ काढून बरीच वर्षं झाली की तिथलं जबड्याचं हाड झिजतं. मग इम्प्लांटची गोष्ट निघाली की डॉक्टर सांगतात, "हाड कमी आहे, ग्राफ्ट टाकावा लागेल, म्हणजे हाडाची भर घालावी लागेल," आणि सीबीसीटीची चिठ्ठी देतात. हाच तो थ्रीडी एक्स-रे. लोहेकरांना त्यासाठी बहुतेक वेळा नांदेड किंवा लातूर गाठावं लागतं.

खासगी सेंटरवर दोन-तीन दातांपुरत्या भागाला साधारण ८०० ते १५०० रुपये, एका जबड्याला १२०० ते २००० आणि दोन्ही जबड्यांना २००० ते ३५०० रुपये धरून चला. दर जागेप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करा. ग्राफ्ट एकाच दाढेच्या जागी असेल तर पूर्ण तोंडाचा स्कॅन कशासाठी, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. छोट्या भागाच्या स्कॅनमध्ये पैसे वाचतात, किरणंही कमी लागतात आणि चित्र बहुधा जास्त बारकाईने मिळतं. चिठ्ठीवर दाताचा नंबर लिहून घ्याच.

तीनचारशे रुपयांचा ओपीजी का चालत नाही? हा पूर्ण तोंडाचा सपाट एक्स-रे; त्यात हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. वरच्या दाढांच्या जागी सायनस या हवेच्या पोकळीखाली चार-पाच मिलिमीटरच हाड उरलं असेल, तर शस्त्रक्रियेची पद्धतच बदलते. म्हणून ग्राफ्टआधीच्या स्कॅनवर पैसे वाचवू नका.

नंतरच्या स्कॅनची मात्र घाई नको. ग्राफ्टची पावडर पहिल्या दिवसापासून पांढरीच दिसते. तिचं हाड झालं की नाही, हे त्या पांढरेपणावरून कळत नाही. काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात ग्राफ्ट भरला असेल तर साधारण चार ते सहा महिने, सायनसखाली भरला असेल तर सहा ते नऊ महिने थांबावं लागतं. पेरणीच्या दिवसांत ग्राफ्ट झाला, तर तपासणी माळेगावच्या यात्रेच्या सुमारास येईल. मधल्या काळात सूज, पू किंवा दुखणं नसेल तर डॉक्टर बहुधा छोट्या साध्या एक्स-रेवर भागवतात. तंबाखू-गुटखा चालू ठेवला आणि साखर वाढलेली राहिली, तर भरलेलं हाड धरण्याची शक्यता कमी होते आणि सगळाच खर्च वाया जाऊ शकतो.

हाडाची उंची, जाडी आणि आकार यांसाठी सीबीसीटीवर भरवसा ठेवा. घनतेचा आकडा मात्र या यंत्रावर पक्का मिळत नाही. रिपोर्टात तो कमी दिसला म्हणून घाबरू नका. शेजारी धातूची कॅप किंवा आधीचा इम्प्लांट असेल तर चित्रात काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि त्याला लागून असलेलं पातळ हाड नीट दिसत नाही.

लातूरला एमआयडीएसआर हे दंत महाविद्यालय आहे. पूर्ण उपचार महाविद्यालयातच घ्यायचे असतील तर तिथल्या दरांची चौकशी जरूर करा. नुसत्या एका स्कॅनसाठी मात्र नांदेड सोडून लातूरला जाण्यात गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी वरचढ ठरते.

उपाशी जायची गरज नाही. नथ, कानातलं, गळ्यातलं आणि काढता येणारी कवळी काढून ठेवावी लागते. गरोदरपण असेल तर आधीच सांगा. स्कॅन काही सेकंदांचा असतो, पण तेवढा वेळ मान हलली तर चित्र बिघडतं.

निघताना छापील फिल्मवर समाधान मानू नका. पेन ड्राइव्हवर किंवा सीडीवर मूळ डायकॉम फाइल मागा, तिचे वेगळे पैसे आहेत का हे आधीच ठरवा आणि पक्की पावती घ्या. पुढे पुण्या-हैदराबादच्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली, तर याच फाइलमुळे दुसऱ्या स्कॅनचा खर्च टळू शकतो.