माळ्यावरची आवराआवर आणि जुनी ट्रंक

मालवण किनाऱ्यावरच्या घरांत मिरगाआधी आवराआवर झालीच पाहिजे. पावसात ओल चढली की माळ्यावरची फाटकी गोधडी, मोडके खोके म्हणजे वाळवीला आमंत्रणच. मे महिन्यात मुंबईकर मंडळी गावी असताना हे काम उरकावे. 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेले बहुधा कधीच लागत नाही.

कागद मात्र पाहिल्याशिवाय रद्दीत देऊ नयेत. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी व पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला त्याच जुन्या ट्रंकेत असतो. त्यावर जिल्हा रत्नागिरी असेल, कारण सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. जातीच्या रकान्यात 'महार' असेल, कारण धम्मदीक्षा १९५६ सालची. ते वाचून संकोचाने कागद फाडणारेही आहेत! केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० मध्ये लागू केल्या, तरी पुरावा पूर्वजांच्या मूळ जातीचाच लागतो. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याची धावपळ होते ती इथेच.

असे कागद सावलीत सुकवून पत्र्याच्या पेटीत, भिंतीपासून दूर ठेवावेत. झेरॉक्सचा एक संच मुंबईच्या नातेवाइकांकडे द्यावा आणि पेटी कुठे आहे ते घरातल्या मुलींनाही दाखवावे.