अंगणातले कीटक, कॅमेरा आणि नोंदवही

मे २०११ मध्ये मलेशियातील सेलांगोर राज्यातल्या जंगलात गुएक हॉक पिंग या हौशी छायाचित्रकाराने जाळीदार पंखांच्या एका हिरव्या कीटकाचे फोटो काढले, कीटकाला सोडून दिले आणि फोटो फ्लिकरवर टाकले. कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञ शॉन विंटरटन यांच्या ते सहज नजरेस पडले. पंखांच्या मुळाशी काळी नक्षी आणि निळसर ठिपके असलेली ही जात त्यांच्या ओळखीची नव्हती. पण वर्णनासाठी प्रत्यक्ष नमुना हवा होता. सुमारे वर्षभराने गुएक यांना त्याच परिसरात पुन्हा तसा कीटक मिळाला आणि तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये स्टीफन ब्रुक्स यांच्याकडे गेला. त्याच जातीचा एक जुना नमुना संग्रहालयातच अनेक दशके नावाविना पडून असल्याचे तेव्हा आढळले. २०१२ मध्ये ‘सेमाक्रायसा जेड’ हे नाव प्रसिद्ध झाले.

नशिबाचा भाग यात आहेच, आणि त्यावर कोणाचा इलाज नाही. जागा, वेळ आणि वनस्पती यांची नोंद ठेवणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती असते. कीटकांच्या छायाचित्रणाचा छंद आपण पुढील क्रमाने हाताळल्यास अनपेक्षित गोष्टी हातून निसटणार नाहीत.

१. एक जागा निवडावी. गच्चीवरच्या कुंड्या, सोसायटीची बाग किंवा शेताचा बांध पुरतो. रोज नवे ठिकाण गाठण्यापेक्षा त्याच झाडाकडे वारंवार जाणे अधिक फायद्याचे. नेहमीचे काय आहे हे डोळ्यांत बसल्याशिवाय वेगळे काय आहे ते कळत नाही.

२. साधने बेताची ठेवावीत. मोबाइलवर चिमट्याने बसणारे मॅक्रो भिंग सुरुवातीला पुरेसे आहे. पुढे मॅक्रो लेन्स घ्यायची झाल्यास ‘१:१’ विशालन पाहावे. म्हणजे कीटकाची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढी पडते. इतक्या जवळून फोकसमध्ये येणारा भाग जेमतेम मिलिमीटरभर असतो, त्यामुळे श्वास रोखून एकापाठोपाठ बरेच फोटो घ्यावेत. फ्लॅशपुढे बटर पेपर धरला की चकाकी जाते आणि खरा रंग दिसतो.

३. सुंदर फोटोनंतर उपयोगाचे फोटो काढावेत. ही पायरी हमखास गाळली जाते. वरून, बाजूने, समोरून आणि जमल्यास खालून असे चार कोन घ्यावेत. फुलपाखरू ओळखताना पंखांची खालची बाजू अनेकदा निर्णायक ठरते. कोळ्याचे कुळ ठरवताना आठ डोळ्यांची मांडणी पाहतात. कीटक निघून गेल्यावर त्याच जागी फूटपट्टी ठेवून एक फोटो घ्यावा, म्हणजे आकार कळतो. आणि पाय मोजावेत. आंब्याची पाने जोडून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या आसपास हुबेहूब त्यांच्यासारखा दिसणारा एक कोळी वावरतो. पायांची एक जोडी तो मुंगीच्या मिशांसारखी उचलून धरतो. मोबाइलच्या पडद्यावर फोटो मोठा करून आठ पाय मोजेपर्यंत आपण त्याला मुंगीच समजत असतो.

४. त्याच दिवशी नोंद करावी. तारीख, वेळ, ठिकाण, कीटक कोणत्या झाडावर होता आणि काय करत होता, एवढे पाच मुद्दे पुरेत. ‘पानावर’ असे न लिहिता ‘कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर, खात होता’ असे लिहावे. मूळ फाइल जपून ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून एरवीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि फाइलमधली तारीख-ठिकाणाची माहितीही निघून जाते.

५. एखादा सुरवंट वाढवून पाहावा. या छंदातील सर्वाधिक आश्चर्ये येथे मिळतात. कढीपत्ता किंवा लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले तर ते झटकू नये. कॉमन मॉरमॉनसारख्या फुलपाखरांचे सुरवंट लहानपणी अगदी तसेच दिसतात आणि शेवटची कात टाकल्यावर हिरवेगार होतात. डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचे दुहेरी शिंग बाहेर काढतात.

असा सुरवंट पानासकट रुंद तोंडाच्या बरणीत ठेवून वर मलमलीचे कापड बांधावे. त्याच जातीच्या झाडाची ताजी पाने रोज द्यावीत, लेंड्या काढाव्यात आणि कोषासाठी एक तिरकी काडी ठेवावी. बाजारातील पाने टाळावीत. त्यांवर कीटकनाशक असू शकते. रोज एक फोटो घ्यावा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभराचा असतो.

कधी कधी कोषातून फुलपाखरू येतच नाही. बारीकसे भोक पडते आणि आतून इवल्याशा गांधीलमाश्या निघतात. या परजीवी जाती आपली अंडी सुरवंटात किंवा कोषात घालतात आणि त्यांच्या अळ्या आतून त्याला खाऊन वाढतात. बहुतेकांचा येथे हिरमोड होतो आणि बरणी रिकामी केली जाते. वास्तविक आपल्या हाती आलेली सर्वांत मोलाची नोंद हीच असते. फुलपाखरांचे फोटो ढिगाने आहेत. कोणत्या यजमान कीटकातून कोणती परजीवी माशी निघाली, याच्या नोंदी त्यामानाने फार थोड्या. माश्यांचे, रिकाम्या कोषाचे आणि झाडाचे फोटो एकत्र ठेवावेत.

६. पावसाळ्यात पडदा लावावा. अमावास्येच्या आसपास, उकाड्याच्या रात्री पांढऱ्या चादरीवर दिवा सोडला की पतंग येऊन बसतात. दोनेक तासांनी दिवा बंद करून चादर हलकेच झटकावी. नाही तर सकाळी पक्ष्यांची मेजवानी होते.

७. ओळख पटवून घ्यावी. नोंदी आयनॅचरॅलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकाव्यात. आयनॅचरॅलिस्टवर ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीबाबत एकमत झाले की, तारीख, ठिकाण आणि फोटो असलेली नोंद ‘रिसर्च ग्रेड’ ठरू शकते, म्हणजे संशोधकांना वापरण्याजोगी मानली जाते. अ‍ॅपने सुचवलेले नाव डोळे मिटून स्वीकारू नये. खात्री नसल्यास फक्त ‘पतंग’ एवढेच नोंदवणे अधिक प्रामाणिक. घरातील नोंदींचे ठिकाण अंधुक ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी.

८. तज्ज्ञाने नमुना मागितल्यास घाई करू नये. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही. काही कीटकांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली सर्वत्रच संरक्षण आहे. नमुना कसा व कोणी घ्यायचा, हे त्या तज्ज्ञालाच ठरवू द्यावे. आपण जागा, झाड आणि हंगाम अचूक सांगावा.

काही नोंदींना वर्षानुवर्षे नाव मिळत नाही. जागा अडते म्हणून त्या पुसू नका. ‘अनोळखी’ असा वेगळा फोल्डर करून त्यात ठेवा आणि दर पावसाळ्यापूर्वी एकदा चाळा.